ब्रेकनंतर परत ऑपरेशन थिएटरमधे येताना शेजारी कोण उभं असतं?

गवतीचहा | रविवार, रात्री ११:२०

दोन महिने लिहू लिहू म्हणतेय, आज लेक लवकर झोपली म्हणून बसलेच. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

मी अ‍ॅनेस्थेशियात आहे, म्हणजे ऑपरेशनसाठी भूल देणारी डॉक्टर. एमबीबीएस पश्चिम महाराष्ट्रातलं, नंतर प्लॅब (परदेशी डॉक्टरांची ब्रिटनमधली परीक्षा) देऊन इंग्लंडला आले, आता यॉर्कशायरमधे स्पेशालिटी ट्रेनिंग चालू आहे. मधे लेक झाली, तीही आठ आठवडे आधी, त्यामुळे पहिला महिना-दीड महिना काचेच्या पेटीत ती आणि बाहेर खुर्चीत मी असाच गेला. ५२ आठवड्यांची रजा, त्यात साठलेली सुट्टी, सगळं मिळून चौदा महिने मी थिएटरच्या बाहेर होते. आमच्या कामात चौदा महिन्यांत हात विसरतो. डोकं नाही विसरत, डोस रात्री तीनला उठवून विचारले तरी सांगेन, पण हात विसरतो आणि त्याहून वाईट म्हणजे आपला आपल्यावरचा भरवसा जातो.

पहिला दिवस सांगते. थिएटरच्या दाराचा कोड बदललेला, कोणीतरी आतून दार उघडलं म्हणून आत गेले. लॉकरवर दुसऱ्याचं नाव. कॉम्प्युटरचा पासवर्ड एक्स्पायर. भूल द्यायचं मशीन नवीन, बटणं सगळी भलतीकडे. प्रोपोफॉलची पांढरी सिरिंज हातात घेतली आणि तिच्यावरचं लेबल तीनदा वाचलं. पहिली पेशंट ८७ वर्षांची आजी, पडून खुब्याचं हाड मोडलेलं, स्पायनल (पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल) द्यायचं होतं. आजींना कुशीवर वळवलं, पाठीवर बोट ठेवून मणक्यांमधली जागा शोधायला लागले तर बोट कापत होतं माझं. उजव्या खांद्यामागे कन्सल्टंट (म्हणजे सीनियर डॉक्टर) बाई उभ्या होत्या, ग्लोव्हज घालून तयार, पण बोलल्या काहीच नाहीत. सुई आत जाताना तो बारीकसा टक् बोटाला जाणवला, आतली तार काढली, आणि सुईच्या मागच्या टोकाला पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला. बाई एवढंच म्हणाल्या, झालं की. मास्कच्या आत रडू आलं मला.

आता जे सांगायचंय ते हे. त्या बाई स्वभावाने चांगल्या आहेतच, पण त्या दिवशी त्या तिथे उभ्या होत्या कारण त्यांची ती वेळ रोटामधे (ड्यूटीच्या तक्त्यात) लिहिलेली होती, आणि माझं नाव मात्र रोटामधे मोजलेलं नव्हतं. इकडे याला सुपरन्युमररी म्हणतात, म्हणजे जास्तीचा माणूस. पहिले दोन आठवडे मी आले काय नि न आले काय, ऑपरेशनची लिस्ट अडणार नव्हती. रात्रीचा ऑनकॉल नाही, इमर्जन्सीचा ब्लीप (पेजर) नाही. पगार मात्र नेहमीसारखा. दोन आठवड्यांनी बसून बोललो, मला अजून लेबर वॉर्डची भीती वाटतेय म्हटल्यावर त्यांनी आणखी चार दिवस फक्त लेबर वॉर्डचे दिले आणि मग मी आता तयार आहे अशी सही केली.

ही स्कीम इंग्लंडमधे २०१७ पासून आहे, नाव सपोर्टेड रिटर्न टू ट्रेनिंग. २०१६ मधे ज्युनियर डॉक्टरांचा मोठा संप झाला तो आठवत असेल, कॉन्ट्रॅक्टवरून. त्या भांडणातून ज्या थोड्या चांगल्या गोष्टी निघाल्या त्यातली ही एक, वर्षाला एक कोटी पौंड यासाठी बाजूला ठेवले गेले. तीन महिने किंवा जास्त बाहेर असाल तर लागू, कारण काहीही असो, बाळंतपण, आजारपण, रिसर्च, घरातल्या कोणाचं करणं. जायच्या आधी एक मीटिंग, परत यायच्या दोन-तीन महिने आधी एक, आल्यावर एक. मधल्या काळात दहा किट डे मिळतात, म्हणजे रजेवर असतानाच एकेक दिवस येऊन काम करायचं, त्याचे पैसे मिळतात. मी सहा वापरले. पहिल्या किट डेला मी फक्त एअरवेच्या ट्रॉलीचे ड्रॉवर उघडून बंद केले, कुठे काय ठेवलंय ते बघितलं, खोटं वाटेल पण त्याचाच जास्त उपयोग झाला.

आता मी ६० टक्क्यांवर आहे. इकडे एलटीएफटी म्हणतात, लेस दॅन फुल टाइम. आठवड्याचे तीन दिवस आणि ऑनकॉलसुद्धा तेवढ्याच प्रमाणात. ट्रेनिंग लांबतं अर्थातच, चार वर्षं राहिली असतील तर ६० टक्क्यांवर ती ६ वर्षं ८ महिने होतात. पगार ६० टक्के, वर वर्षाला १००० पौंडांचा भत्ता. सगळं गुडी गुडी नाहीये, आधीच्या एका हॉस्पिटलात माझ्या मैत्रिणीला दिवस ६० टक्के आणि नाइट्स जवळजवळ पूर्ण अशा लावल्या होत्या, तिला चॅम्पियन ऑफ फ्लेक्सिबल ट्रेनिंगकडे जावं लागलं (प्रत्येक ट्रस्टमधे, म्हणजे हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थेत, अर्धवेळवाल्यांसाठी असा एक माणूस नेमलेला असतो) तेव्हा ते सुधारलं.

मला विचारायचंय ते हे की आपल्याकडे हे कसं होतं? कोणी मोठ्या ब्रेकनंतर परत आलंय का, आणि तेव्हा तुमच्या शेजारी कोण होतं?

---

निशिगंध | सोमवार, सकाळी ७:०५

गवतीचहा, रात्री वाचलं आणि झोप नाही आली. मी पण अ‍ॅनेस्थेशियाच गं. एमडी झाले, पाच वर्षं फ्रीलान्स केलं आणि मग सहा वर्षं बंद. धाकटा झाला, तो वर्षाचा होतोय तोवर सासूबाईंना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला, त्यांना उठवणं बसवणं भरवणं सगळं, मिस्टर ऑर्थोपेडिक, त्यांची प्रॅक्टिस थांबवायचा विषयच कोणी काढला नाही, मी पण नाही काढला.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. आता मुलं शाळेत. सगळे म्हणतात कर की सुरू, त्यात काय एवढं, तुझी डिग्री आहे. रजिस्ट्रेशन चालू आहे माझं, मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांचे ३० क्रेडिट पॉइंट मी नियमाने भरले, सीएमईला (डॉक्टरांच्या व्याख्यानांना) जाऊन मागच्या रांगेत बसून. पण त्या ३० पॉइंटांत लॅरिंगोस्कोप (श्वासाची ट्यूब टाकायला लागतो तो) एकदाही हातात आला नाही माझ्या. कागदावर मी उद्या रात्री दोनला एखाद्या नर्सिंग होममधे सीझरला एकटी भूल द्यायला लायक आहे. एकटी. तिकडे ना कोणी ज्युनियर ना सीनियर, एक सिस्टर, एक मावशी, भुलीचं जुनं बॉईल्स मशीन आणि माझी बॅग.

बॅग अजून आहे. परवा उघडली. स्कोलीन, मेफेंटिन सगळं केव्हाचं एक्स्पायर, लॅरिंगोस्कोपच्या हँडलमधे सेल फुटून हिरवं झालेलं. तसंच बंद करून वर ठेवून दिलं.

---

वाचनवेडी | सोमवार, सकाळी ९:४०

मी डॉक्टर नाही, पेशंट म्हणून विचारते, राग मानू नका. अर्धवेळ शिकलेला डॉक्टर आणि पूर्णवेळ शिकलेला डॉक्टर यात आम्हाला फरक पडतो का? आणि सहा वर्षांनी परत येणारी डॉक्टर मला भूल देणार असेल तर मला ते सांगतील का?

---

डॉक्टरकाका | सोमवार, दुपारी २:१५

वाचनवेडी ताईंनी बरोबर प्रश्न विचारला. मी जनरल सर्जन, ३१ वर्षं प्रॅक्टिस, त्यातली बरीच शिकवण्यात गेली. स्पष्ट बोलतो. सर्जरी आणि भूल या हाताच्या विद्या आहेत, आणि हात बसतो तो केसेसच्या संख्येने. आम्ही ३६-३६ तास उभे राहिलो ते हौस म्हणून नाही, त्या ३६ तासांत जे आतडं फाटलेलं येतं, जी प्लीहा फुटलेली येते, ती आठवड्यातले तीन दिवस येणाऱ्याला दिसेलच असं नाही. दुसरं म्हणजे एक जण ६० टक्के झाला की उरलेले ४० टक्के हवेत जात नाहीत, ते शेजारच्या रेसिडेंटच्या डोक्यावर पडतात. युनिटमधे तीन जेआर (ज्युनियर रेसिडेंट) आणि त्यातली एक रजेवर गेली की उरलेल्या दोघांची काय अवस्था होते ते मी बघितलंय. त्यांच्याबद्दल कोणी धागा काढत नाही. विरोध म्हणून नाही, काळजी म्हणून लिहितोय.

---

गवतीचहा | सोमवार, रात्री १०:५०

वाचनवेडी, राग कशाला, हाच प्रश्न विचारायला हवा. इकडे अर्धवेळ शिकणारा डॉक्टर कमी शिकत नाही, जास्त वर्षं शिकतो. परीक्षा त्याच, लॉगबुक तेच, दरवर्षी प्रगती तपासणारं एआरसीपी नावाचं पॅनेल बसतं ते सगळ्यांचं तेच. ते पूर्ण झाल्याशिवाय कन्सल्टंट होता येत नाही. पेशंटला वेगळं सांगावं लागू नये म्हणूनच तर ते दोन आठवडे शेजारी कोणीतरी उभं असतं.

काका, तुमचा दुसरा मुद्दा एकदम खरा आहे आणि इकडेही भांडणं त्यावरूनच होतात. जिथे नीट केलंय तिथे दोन ६० टक्केवाले मिळून एक जागा भरतात, स्लॉट शेअर म्हणतात, म्हणजे खड्डा पडण्याऐवजी १२० टक्के माणूस मिळतो. जिथे नीट नाही केलं तिथे शेजारचाच मरतो, आणि तो चिडला तर त्याचं चुकत नाही. पण काका, खड्डा जागा न भरल्यामुळे पडतो. रजेवर जाणारीच्या नावावर तो लिहिला जातो एवढंच.

३६ तासांबद्दल. आपल्याकडे १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममधे सलग १२ तासांच्या वर ड्यूटी नको, आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. १९९२! मी शाळेत पण नव्हते. आणि २०२४ मधे नॅशनल मेडिकल कमिशनच्या मानसिक आरोग्याच्या टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांच्या वर नको असं सुचवलं. ४८ वरून ७४ वर आलो आपण आणि ते सुद्धा अजून सूचनाच.

निशिगंध, तुला वेगळं लिहिते. ती बॅग वर नको ठेवूस.

---

मँचेस्टरचा_मावळा | मंगळवार, पहाटे ५:३०

नाइटवरून घरी आलोय, झोपायच्या आधी लिहितो. मी मेडिसिनमधे, बाप आहे, आणि ८० टक्क्यांवर आहे. सगळी चर्चा बायकांच्या बाळंतपणावर चाललीय म्हणून मुद्दाम लिहितोय. इंग्लंडमधे २०२२ च्या ऑगस्टपासून कोणत्याही ट्रेनीला कोणत्याही कारणासाठी एलटीएफटी मागता येतं, मूल असलंच पाहिजे, आजारी असलंच पाहिजे असं नाही. आधी फक्त ठराविक कारणं चालायची. बदल सुरू झाला इमर्जन्सी मेडिसिनपासून, २०१७ मधे त्यांनी पायलट केला कारण तिथली मुलं भाजून निघून सोडून चालली होती, मग बाकीच्या स्पेशालिट्या आल्या.

मी घेतलं तेव्हा आईने फोनवर विचारलं, नोकरीत काही झालं का रे तुझं? तिला वाटलं मला काढलंय. बाबा अजून नातेवाइकांना सांगत नाहीत. पण दर बुधवारी मी लेकाला शाळेत सोडतो, आणतो, मधे वरणभात लावतो, बायको त्या दिवशी तिच्या क्लिनिकला निर्धास्त जाते.

प्रॅक्टिकल तीन गोष्टी. अर्ज किमान १६ आठवडे आधी द्या. व्हिसावर असाल तर टक्के कमी करायच्या आधी पगार व्हिसाच्या किमान अटीखाली जात नाही ना ते स्पॉन्सरकडून लेखी घ्या, आपल्यातले बरेच जण इथेच अडकतात. आणि पेन्शनचा हिशोब आधी करून बघा.

---

पाऊलवाट | मंगळवार, सकाळी ६:१०

नवीन आयडी काढलाय खास यासाठी. मी मुंबईत जेआर टू, म्हणजे रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला, कोणतं कॉलेज ते नाही सांगत. गायनॅक. आणि मी स्वतः २२ आठवड्यांची प्रेग्नंट आहे. दिवसाला आठ-दहा डिलिव्हरी करते आणि स्वतःची सोनोग्राफी दोनदा पुढे ढकलली. युनिटमधे सांगितलं तेव्हा एक जण अभिनंदन न म्हणता कधी ड्यू आहे, परीक्षेच्या आधी की नंतर असं म्हणाला. रजा मागायला गेले तर मॅडम म्हणाल्या आम्ही डिलिव्हरीच्या आदल्या दिवसापर्यंत राउंड घेतलाय. त्या वाईट नाहीत हो, त्यांना खरंच वाटतं की हे असंच असतं.

मला कोणी सांगेल का की मला नक्की किती रजा मिळते, आणि घेतली तर माझी टर्म जाते का? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो. आणि ते पार्टटाइम वगैरे आपल्याकडे आहे का काही?

---

गवतीचहा | मंगळवार, सकाळी ६:४५

पाऊलवाट, आधी सोनोग्राफी कर. आज. राउंड नंतर.

पार्टटाइम आपल्याकडे नाही. पीजीचे विद्यार्थी पूर्णवेळ रेसिडेंट म्हणून काम करतील असं नियमातच लिहिलंय, पळवाट नाही त्यात. रजेचं मात्र आहे. नॅशनल मेडिकल कमिशनचे पीजीचे २०२३ चे नियम डाउनलोड कर आणि रजेचं पान प्रिंट काढून जवळ ठेव. मॅटर्निटी लीव्ह सरकारी नियमांप्रमाणे, ती तुझा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. शिवाय वर्षाला २० दिवस पगारी रजा, अ‍ॅकॅडमिक लीव्ह ५ दिवस, आणि आठवड्याची एक सुट्टी पण लिहिलीय, कामाच्या सोयीने. हजेरी ८० टक्के लागते. रजा मिळणाऱ्या दिवसांच्या वर गेली तर टर्म तेवढी पुढे सरकते, रद्द होत नाही. परीक्षा पुढे जाईल कदाचित. जाऊ दे. तीन वर्षांची साडेतीन होतील, तुझ्या पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ते सहा महिने शोधून सापडणार नाहीत.

अर्ज लेखी दे, इनवर्ड नंबर घे, फोटो काढून ठेव. आणि तुमच्या मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रतिनिधीला सांग, आधी कोणी घेतली असेल तर तिचा अर्ज बघायला मिळेल, कसा लिहायचा ते कळतं.

अजून एक. परत येशील तेव्हा पहिल्याच दिवशी इमर्जन्सी लावतील, लावतातच. आधीच मॅडमना भेटून विचार, पहिला आठवडा मला फक्त दिवसाच्या इलेक्टिव्ह (आधी ठरलेल्या ऑपरेशनांच्या) लिस्टला सेकंड असिस्टंट म्हणून लावाल का. नियमात नाही हे, पण विचारलं तर मिळू शकतं. न विचारता नक्की मिळत नाही.

---

पाऊलवाट | मंगळवार, रात्री ११:५५

केली सोनोग्राफी. बाळ छान आहे. तिथल्या रेडिओलॉजीच्या जेआरने मला पाच मिनिटं एक्स्ट्रा दाखवलं, हात हलवत होतं.

प्रिंट काढलीय.

---

डॉक्टरकाका | बुधवार, सकाळी ६:२०

काल रात्री बायकोला हा धागा वाचून दाखवला. मी आधी जे लिहिलं ते तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुमच्या बायपासनंतरचं लिहा की. म्हणून लिहितो.

२०१४ मधे माझी बायपास झाली. चार महिने ऑपरेशन थिएटरमधे पाऊल टाकलं नाही. परत आलो तेव्हा पहिली केस गॉलब्लॅडर, दुर्बिणीतून, असे मी हजारभर केले असतील. आदल्या रात्री झोप नव्हती. मी माझ्या मित्राला, तो पण सर्जन, फोन केला आणि म्हटलं अरे उद्या जरा ये, समोर उभा रहा, काही करू नकोस. तो स्वतःची ओपीडी दोन तास पुढे ढकलून आला. क्लिप लावायच्या आधी मी थांबलो आणि त्याच्याकडे बघितलं, त्याने मान हलवली, मग लावली. पुढचे तीन आठवडे मी एकही इमर्जन्सी घेतली नाही, सगळ्या त्याच्याकडे वळवल्या. हॉस्पिटलमधे कोणालाही त्यात गैर वाटलं नाही. सगळे म्हणाले सर, घाई करू नका.

म्हणजे मला ते सगळं मिळालं, न मागता, कारण मी सीनियर होतो, हॉस्पिटलमधे माझा शब्द चालायचा आणि माझा ब्रेक हार्टचा होता. माझ्या युनिटला एक रेसिडेंट होती, हाताने अतिशय सुरेख, टाके बघत राहावेत असे. बाळंतपणानंतर आली तिला मी पहिल्याच रात्री इमर्जन्सीला लावलं. दीड महिन्यात ती सोडून गेली. मी त्या वेळी म्हणालो होतो की हिला झेपलं नाही. काल रात्रीपर्यंत माझं तेच मत होतं.

केसेसच्या संख्येबद्दल जे लिहिलं ते मी मागे घेत नाही. संख्या लागतेच. पण ती तीन वर्षांत भरायची की पाच, याने पेशंटला काही फरक पडत नाही, हे मान्य.

---

मँचेस्टरचा_मावळा | बुधवार, दुपारी ३:००

काका _/\_

यात भर म्हणून, ब्रिटनमधेही हे कोणी वरून आयतं दिलं नाही. १९६० च्या दशकात ऑक्सफर्डच्या भागात रोझमेरी रू नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांना स्वतःला पोलिओ झालेला. त्यांनी आपल्या भागात शिकून घरी बसलेल्या डॉक्टर बायका शोधून काढल्या आणि त्यांच्यासाठी अर्धवेळ ट्रेनिंगच्या जागा तयार केल्या. आज माझ्यासारखा बाप बुधवारी वरणभात लावतो त्याची सुरुवात तिथली आहे. एका भागात, एका बाईने, आधी माणसं शोधली, जागा नंतर तयार झाल्या.

---

डोंगरवाट | बुधवार, रात्री ९:३०

गायनॅकॉलॉजिस्ट, तालुक्याच्या गावी २० खाटांचं नर्सिंग होम. इतके दिवस नुसता वाचक होतो. आमच्या गावात भूल देणारे दोघं, एक साठीच्या पुढचे. रात्री सीझर निघालं की दोघांना फोन, दोघं दुसरीकडे असतील तर पेशंट ४० किलोमीटर पुढे पाठवायचा, पाऊस असो काही असो. आणि मला माहितीय की याच तालुक्यात भुलीत एमडी, डीए झालेल्या दोन बायका घरी आहेत. दोघींना विचारलंय मी. कधी विचारलं? रात्री दोनला, अडलो तेव्हा. आज हा धागा वाचून कळतंय की सहा वर्षं घरी असलेल्या बाईला रात्री दोनला फोन करून या म्हणणं म्हणजे काय. त्या नाही म्हणाल्या आणि मी मनात म्हटलं, काम नकोय यांना.

निशिगंध ताई, तुम्ही कुठल्या ते विचारत नाही. पण एक करता येईल का बघा. आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवारी ठरलेली लिस्ट असते, दिवसा, तब्येतीने चांगले पेशंट. आमचे सीनियर अ‍ॅनेस्थेटिस्ट सर भूल देतील, तुम्ही शेजारी उभ्या रहा, मग तुम्ही द्या आणि ते शेजारी उभे राहतील. किती दिवस ते तुम्ही ठरवा. सरांना मी आज विचारलं, ते हो म्हणाले. तुमच्या गावात पण असं कोणीतरी असेल, त्यांना विचारा, कोणी नाही सापडलं तर मला व्यक्तिगत निरोप करा. त्या दिवसांचे पैसे पण देऊ, फुकट नको.

---

गवतीचहा | बुधवार, रात्री ११:१५

डोंगरवाट, धन्यवाद हा शब्द पुरणार नाही.

निशिगंध, जाणार असशील तर आधी इन्डेम्निटी पॉलिसी (पेशंटने दावा केला तर उपयोगी पडणारा विमा) चालू कर, मग थिएटरमधे पाऊल. एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या उपचारांचा कोर्स) परत कर. आयएसएच्या (भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या) शहर शाखेत एअरवेचं वर्कशॉप कधी आहे विचार, पुतळ्यावर ट्यूब टाकून टाकून हात मोकळा होतो, मी पण तिथूनच सुरू केलं होतं. सुरुवात स्पायनलपासून कर, जनरल (पूर्ण भूल) नंतर, लहान मुलं सगळ्यात शेवटी. एक वही ठेव, रोज कोणती केस, कुठे अडलं, कोण शेजारी होतं. रात्रीचे फोन कधी घ्यायचे ते त्या वहीकडे बघून ठरव, कोणाच्या अडचणीकडे बघून नाही.

---

निशिगंध | बुधवार, रात्री ११:४८

वाचलं सगळं. निरोप केलाय. जास्त आत्ता लिहवत नाही.

---

निशिगंध | पाच आठवड्यांनी, शुक्रवार, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतेय.

डोंगरवाट सरांचं गाव माझ्यापासून सव्वा तास निघालं. मंगळवार-शुक्रवार एसटीने जाते, गाडी मिस्टरांकडे असते. पहिल्या दिवशी मी फक्त औषधं भरली आणि लेबलं लावली. सीनियर सर काही म्हणाले नाहीत, त्यांनी फक्त प्रत्येक सिरिंज उचलून लेबल वाचून खाली ठेवली, मग माझ्याकडे बघून मान हलवली. दुसऱ्या दिवशी हर्नियाला स्पायनल, दोनदा सुई हाडाला लागली, तिसऱ्यांदा गेली. सर म्हणाले, माझी पण लागते.

आतापर्यंत अकरा स्पायनल, चार जनरल, वहीत लिहिलेत. चौथ्या जनरलला ट्यूब पहिल्याच प्रयत्नात गेली, स्टेथो लावून दोन्ही बाजूंचा श्वास ऐकला, डावीकडे ऐकला, उजवीकडे ऐकला, परत डावीकडे ऐकला. सिस्टर म्हणाल्या मॅडम आलाय हो दोन्हीकडे.

मधे एका रात्री आमच्या इथल्या एका नर्सिंग होममधून सीझरसाठी फोन आला. मी नाही म्हटलं. पहिल्यांदा असं झालं की नाही म्हणून फोन ठेवला आणि वाईट नाही वाटलं, कारण कधीपासून हो म्हणायचं ते ठरलंय. सरांशी बोलून आम्ही ठरवलंय, दहा सीझर दिवसा, शेजारी कोणीतरी असताना, मग रात्र. चार झालीत.

मिस्टरांनी परवा विचारलं, मंगळवारी माझी ओपीडी दुपारची केली तर मुलांचं शाळेतून आणायचं मी बघू का. मी हो म्हटलं.

लॅरिंगोस्कोपचं हँडल साफ केलं, व्हिनेगर लावून ब्रशने घासलं, पण नाही लागला दिवा. नवीन घेतलं.

---

पाऊलवाट | शुक्रवार, रात्री ११:३०

निशिगंध ताई, अकरा स्पायनल!!

माझी रजा मंजूर झाली. परत आल्यावर पहिले आठ दिवस इलेक्टिव्ह, असं मॅडमनी अर्जावरच पेनाने लिहून दिलं. बाजूला म्हणाल्या, मला कोणी असं लिहून दिलं नव्हतं. आणि माझ्या जागी सहा महिने एक हाउस ऑफिसर घ्यावी म्हणून पण त्यांनी पत्र टाकलंय, म्हणजे बाकीच्या दोघांवर पडणार नाही. मिळेल का माहीत नाही.

---

डॉक्टरकाका | शनिवार, सकाळी ६:१०

त्या पत्राची एक कॉपी मला व्यक्तिगत निरोपात पाठव पोरी, नावं खोडून. सोमवारी आमच्या डिपार्टमेंटची मीटिंग आहे, आमच्याकडे पण एक जण ऑक्टोबरमधे रजेवर जातेय.